अर्ध्या उंचीचं कार्ड

३ डिसेंबर, मंगळवार

जावयाने आज टीव्ही आणला. तिघांनी धरून जिन्यावरून चढवावा लागला एवढा मोठा. त्याच्या चुलतभावाने नवा घेतला, जुना याच्या गळ्यात मारला आणि याने तो थेट माझ्या कामाच्या टेबलावर आणून ठेवला. माझा कागद कापायचा चाकू, डिंकाची बाटली, पोलादी पट्टी, सगळं एका कोपऱ्यात ढकलून.

"सासरेबुवा, हा तुमच्या कॉम्प्युटरला जोडू. फुटबॉल काय दिसेल म्हणता!"

कॉम्प्युटर माझा आहे, हे इथे लिहून ठेवतो. कुठल्याशा बँकेने काढून टाकलेला, काळा, चपटा. इथे वर एल आल्तोच्या रविवारच्या बाजारात मी स्वतः पारखून घेतलेला. त्यावर माझं पोट चालतं. नखाएवढे पासपोर्ट, घराची खरेदीखतं, पदव्या, गाडीचे कागद. चोवीस जानेवारीला दुपारी बारा वाजता अख्खं ला पाझ अलासिताच्या जत्रेत लोटतं आणि ज्याला वर्षभरात जे खरं हवं, त्याची तो चिमुकली प्रत घेऊन तिला धुरी देतो. बाकीचे कारागीर चार रेघोट्या मारतात आणि त्याला पासपोर्ट म्हणतात. माझ्या पासपोर्टात खऱ्यात असतं ते सगळं असतं. भिंग लावून वाचावं. भोवतीची किनार दुरून नुसती रेघ वाटते, पण ती रेघ नाही. 'तार्की, तार्की, तार्की' असं माझं आडनाव आहे ते, एकाला एक लावून, चारी बाजूंनी.

आणि तिथे याला फुटबॉल बघायचाय.

ही वही माझ्या मुलीने, नोएमीने दिली. मन मोकळं होतं म्हणे लिहून. सोबत जाड टोकाचं पेन दिलं. माझं जुनं पेन फार फिकं उमटतं, असं ती म्हणते. उमटत असेल. हल्ली कुठली वस्तू धड मिळते?

५ डिसेंबर

कामाच्या खोलीतला बल्ब पुन्हा बदलला. पुन्हा तेच, नुसता मिणमिणाट. बल्ब जावई आणतो, ग्रोव्हर. दुसऱ्याची मिनीबस चालवणारा माणूस, मालकाच्या डिझेलमध्ये जो हात मारत असेल, तो बल्बमध्ये का नाही मारणार?

७ डिसेंबर, शनिवार

टीव्ही जोडला. चित्र येतं, पण कॉम्प्युटरच्या अंगातल्या चिपला एवढा पडदा पेलवत नाही. माऊस हलवला की बाण धापा टाकत मागून येतो. मी म्हटलं, झालं, न्या आता परत.

पण ग्रोव्हर कुठून तरी सगळं शिकून आला होता. "ग्राफिक्स कार्ड लागेल. मात्र कुठलंही चालणार नाही. पेटी चपटी आहे, त्यामुळे अर्ध्या उंचीचं हवं, लो-प्रोफाइल म्हणतात त्याला. आणि आत जादा विजेची वायर नाहीये, म्हणजे खाचेतून मिळेल तेवढ्या विजेवर भागवणारं हवं."

"उंचीने कमी, खायला कमी आणि गुपचूप कोपऱ्यात बसणारं," मी म्हणालो. "जावई असा मिळायला हवा होता."

नोएमी हसली नाही. ग्रोव्हर खो खो हसला. त्याला अपमान कळत नाही, हे त्याचं मुख्य दुखणं आहे.

"मी आणतो," म्हणाला. मी म्हटलं, खबरदार. आज कार्ड त्याचं, उद्या पेटी त्याची, परवा टेबल त्याचं. कार्ड मी निवडणार, मी मोजणार, माझ्या पैशाने आणणार. तेही स्वस्तातलं. त्याच्या फुटबॉलसाठी मी घर विकायला काढलेलं नाही.

११ डिसेंबर

केबलकारने खाली उतरून एलॉय सालमोन रस्त्यावर गेलो. सबंध रस्ता टीव्ही, फ्रीज आणि खोटं बोलणाऱ्यांनी भरलेला. निघण्यापूर्वी पेटीच्या आतली जागा पट्टीने मोजली होती. अकरा सेंटिमीटर. मोजमापात मी अर्धा मिलिमीटर चुकत नाही, हे कारागीर संघात सगळ्यांना ठाऊक आहे.

दुकानदारणीने विचारलं, "काका, नक्की अकरा? चपट्या पेटीत एवढी जागा नसते हो."

"बाई, तुम्ही जन्मला नव्हतात तेव्हापासून मी मोजतोय."

कार्ड घेऊन आलो. पेटीचं झाकण लागेना. कार्ड पेटीच्या बाहेर डोकं काढून उभं! ग्रोव्हरने माझीच पट्टी उचलून मोजलं आणि हळूच म्हणाला, "सात भरतंय." मी पट्टी केरात फेकली. तिच्यावरचे आकडे घासून गेले आहेत, दुसरं काही नाही. त्याने ती केरातून काढून पुसून ठेवली. भिकारी लक्षणं.

१४ डिसेंबर

संघाची बैठक. वेनान्सिया बाई भर सभेत म्हणाली, "तार्की, गेल्या दोन वर्षांत तुमचं काम आणखीच सुंदर झालंय. या वयात जमतं कसं? यंदा मी भिंग घेऊन येणार आहे तुमच्या दुकानावर."

ये. दुर्बीण घेऊन ये. तिच्या पासपोर्टावर देशाचं नावसुद्धा धड नसतं. पण बाई चार लोकांत बोलली आहे. एक अक्षर जरी चुकलेलं सापडलं, तरी संध्याकाळपर्यंत सगळ्या जत्रेत बोभाटा होईल. त्या जत्रेत माझ्याकडे दुसरं आहे काय? नाव तेवढं आहे.

घरी येताना कोपऱ्यावरच्या शेजाऱ्याला हाक मारली, तर त्याने ओ दिली नाही. जवळ गेल्यावर कळलं की तो विजेच्या खांबाला टेकवलेला कुणाचा तरी गादीचा गुंडाळा होता. लोक रस्त्यात काहीही ठेवतात.

१७ डिसेंबर

कार्ड बदलून आणलं. या वेळी अर्ध्या उंचीचं, आणि बिनपंख्याचं. यूट्यूबवर स्पेनचा एक माणूस त्याची फार तारीफ करत होता. आवाज शून्य, किंमत बेताची. मला आवाज खपत नाही. घरात आधीच ग्रोव्हर आहे.

तो मध्ये बोललाच. "सासरेबुवा, तो माणूस समुद्रकाठी राहतो. आपण चार हजार मीटरवर. इथली हवा पातळ. माझी गाडी चढावर उकळते, तर हे बिनपंख्याचं पोर आपली गरमी देणार कुणाला?"

"तुझी गाडी उकळते, कारण तू तिच्यात पाणी घालत नाहीस. आणि तिचं मागचं दार वायरने बांधलेलं आहे. मला शिकवू नकोस."

कार्ड छान बसलं. झाकण लागलं. चित्र सुंदर, आवाज शून्य. आज पहिल्यांदा या घरात कुणी तरी मी सांगितल्याप्रमाणे वागलं.

१८ डिसेंबर

तासाभरात पडदा काळा. कार्डावर बोट ठेवलं तर चटका बसला. ग्रोव्हर कामावर होता म्हणून बरं. संध्याकाळी आल्यावर त्याने काहीही विचारलं नाही. जेवताना मात्र उकळत्या गाड्यांचा विषय त्याने कटाक्षाने टाळला. हेसुद्धा एक प्रकारचं टोचणंच.

२५ डिसेंबर

काल नाताळच्या रात्रीचा पिकाना, मटण-कोंबडीचा तिखट रस्सा, चांगला झाला होता. नोएमीचा हात तिच्या आईवर गेलाय. ग्रोव्हरने मला दिवा भेट दिला. टेबलाला अडकवायचा, मध्ये ताटलीएवढं भिंग. मी त्याला विचारलं, "मी म्हातारा दिसतो का तुला?" तो म्हणाला, "नाही, सासरेबुवा." मी दिवा परत केला. नोएमी उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी घासत बसली. भांडी आधीच घासलेली होती.

ती हल्ली सारखी कुठल्या तरी डॉक्टरचं नाव काढते. मला ताप नाही, खोकला नाही. डॉक्टरकडे जायला काही झालेलं तरी असावं लागतं.

३० डिसेंबर

पुन्हा एलॉय सालमोन. ग्रोव्हर सोबत आला. मी बोलावलं नव्हतं. त्याची सुट्टी होती म्हणे. जत्रा तोंडावर आलेली असताना मिनीबसवाल्याला सुट्टी? मालकाने हाकलला असेल.

दुकानदारणीने दोन डबे पुढे ठेवले. पंखा असलेली, अर्ध्या उंचीची कार्डं. दोन्हींचं नाव तेच, चित्र तेच, आणि एक बरंच स्वस्त. मी स्वस्ताला हात घातला. तेवढ्यात शेजारचं गिऱ्हाईक म्हणालं, "आजोबा, बघून घ्या. नाव एकच असलं तरी एकात मेमरी चपळ असते, दुसऱ्यात मरतुकडी. डब्याच्या पाठीवर लिहिलेलं असतं."

पाठीवर काहीतरी होतं खरं. राखाडी डाग. हे कारखानेवाले मुद्दाम असं छापतात, म्हणजे माणूस फसावा. मी डबा दारापाशी उजेडात नेला. मग दुसऱ्या बाजूने धरला. दुकानदारणी बघत होती. मी ग्रोव्हरला म्हटलं, "चष्मा घरी राहिला. वाच."

त्याने वाचलं. दोन्ही डबे, वरपासून खालपर्यंत, एक शब्द न गाळता. मग महागाच्या डब्यावर बोट ठेवून म्हणाला, "हे." बस. ना हसला, ना खोकला. एक टोमणासुद्धा मारला नाही हलकटाने. त्याचाच मला जास्त राग आला.

चष्मा माझ्या नाकावर होता, हे मला परतताना केबलकारमध्ये कळलं. समोर बसलेला ग्रोव्हर खिडकीतून खाली बघत होता. खाली बघण्यासारखं काही नव्हतं.

२ जानेवारी, गुरुवार

कार्ड उंच पेटीला स्क्रूने अडकवायच्या लांब पट्टीसकट आलंय. चपट्या पेटीसाठीची आखूड पट्टी डब्यात असायला हवी होती, ती नाही. दुकानदारणीला फोन केला. ती म्हणाली, "काका, डब्यात असेल ते तुमचं, नसेल ते नशिबाचं." चोर.

ग्रोव्हर वायर शोधायला निघाला. त्याच्याकडे सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर. मी त्याला बाजूला केलं, सार्डिनच्या डब्याचा पत्रा घेतला, लांब पट्टीवर बोटं फिरवून भोकं कुठे येतात ते पाहिलं आणि कात्रीने कापून, वाकवून, कानशीने घासून आखूड पट्टी केली. पहिल्या झटक्यात बसली. ही बोटं अजून कुणाला हार जात नाहीत. डोळे मिटून केलं असतं तरी झालं असतं.

"वा, वस्ताद!" ग्रोव्हर म्हणाला. मला त्याच्या शाबासकीची गरज नाही. पट्टी सुरेख झाली आहे, हे मात्र खरं.

३ जानेवारी

लिहू की नको, असा विचार करत होतो. लिहितो.

कार्ड चालू झालं. पंखा बारीक गुणगुणतो, पण गरम होत नाही. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पडदा उजळला. मी यंदाचा पासपोर्ट उघडला, ऑक्टोबरात मांडलेला. मोठा केला. एक अक्षर माझ्या तळहाताएवढं झालं.

देशाच्या नावातली दोन अक्षरं एकमेकांवर चढलेली. तारखेच्या जागी आडनाव. किनार एका कोपऱ्यात दोनदा आली होती आणि दुसऱ्या कोपऱ्यात नव्हतीच. शाळेतल्या पोराने केलं असतं तर मी त्याच्या हातावर छडी मारली असती.

वाटलं, ग्रोव्हरने काहीतरी बिघडवलंय. म्हणून गेल्या वर्षीचा उघडला. तो चोख होता. प्रत्येक अक्षर जागच्या जागी. क्षणभर बरं वाटलं. मग पुन्हा बघितलं. अक्षरांमधली मोकळी जागा सारखी होती, सगळीकडे अगदी सारखी. मी तशी कधीच ठेवत नाही. मी पहिलं अक्षर जरा सुटं ठेवतो आणि पुढची आवळत नेतो. माझ्या बापाने मला तसंच शिकवलं होतं.

तो हात माझा नव्हता. त्याच्या आदल्या वर्षीचा उघडला. तोही माझा नव्हता.

४ जानेवारी

सकाळी चहाच्या वेळी विचारलं. नोएमी ब्रेड कापत होती, ती थांबली.

"बाबा, मी वाचून दाखवायचे आणि ग्रोव्हर माऊसने अक्षरं सरकवायचा. पहाटे, त्याची गाडी सुटायच्या आधी."

"दोन वर्षं? माझ्या पाठीमागे?"

"पुढून सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

"आणि मग यंदा काय झालं? यंदा का नाही चोरट्यासारखं केलंत?"

ती नवऱ्याकडे बघायला लागली. तो म्हणाला, "यंदा चुका फार आहेत, सासरेबुवा. आणि त्या छोट्या पडद्यावर आमचेही डोळे जातात. म्हटलं, मोठा पडदा आणू. तुम्हालाच दिसेल. तुमचं काम तुम्हीच केलेलं बरं. आमच्या हाताला ती चव नाही."

"आणि फुटबॉल?"

"फुटबॉल काय, मी अड्ड्यावर बघतो. पण तुमच्यासाठी आणलाय म्हटलं असतं, तर तुम्ही टीव्ही जिन्यावरून खाली ढकलला असता."

ढकललाच असता. मी हातातला ब्रेड त्याला फेकून मारला. कपाळावर लागला. कालचा होता, कडक. म्हटलं, माझ्या घरात राहून, तुमच्या कामाला माझं नाव लावून, मलाच वेडा बनवता? वेनान्सिया बाई भर सभेत कौतुक करत होती आणि मी मान ताठ करून ऐकत होतो! कुणाच्या कामाचं कौतुक होतं ते? एका मिनीबसवाल्याच्या!

तो कपाळ चोळत कामाला गेला. जाताना ब्रेड उचलून टेबलावर ठेवून गेला.

९ जानेवारी

कुणाशीही बोललेलो नाही. जत्रेतली जागा यंदा सोडून द्यावी, असा विचार केला. संघाला फोन लावला आणि त्यांनी उचलायच्या आत ठेवून दिला.

मला लाज वाटते. हे वाक्य मी जाड पेनाने लिहिलं आहे, त्यामुळे मला वाचताही येतं. आता पान उलटतो.

१२ जानेवारी

रिकामं बसून राहणं मला जमत नाही. नवा पासपोर्ट पहिल्यापासून मांडायला घेतला. अक्षर एवढं मोठं करून काम करायची सवय नाही, मान दुखते. पण दिसतं. पहिलं अक्षर सुटं, पुढची आवळत. कार्ड तक्रार करत नाही. कितीही मोठं केलं तरी चित्र अडखळत नाही.

ग्रोव्हर दारात येऊन उभा राहिला. "काही हवंय का?"

"तू जायला हवा आहेस."

गेला. थोड्या वेळाने दाराबाहेर चहाचा कप ठेवलेला सापडला. साखर जास्त. त्याला माप कळत नाही.

१९ जानेवारी, रविवार

छपाई झाली. सगळं माझ्या हाताने. शेवटी किनार उरली होती, ती आज पहाटे केली. पहाट शांत असते. या दोघांना ती दोन वर्षं का आवडली, ते कळलं. काय केलंय ते इथे लिहीत नाही. नोएमी ही वही चाळते, असा मला संशय आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार

सकाळी गारा पडल्या, बाराला ऊन आलं. धुराने डोळे चुरचुरत होते, पण आज सगळ्यांचेच चुरचुरत होते. वेनान्सिया बाई खरोखरच भिंग घेऊन आली. माझा पासपोर्ट उलटा केला, सुलटा केला, उन्हात धरला. चार माणसं तिच्या खांद्यावरून बघत होती. शेवटी भिंग पिशवीत टाकत म्हणाली, "एक अक्षर हललेलं नाही. मेल्या, तुझे डोळे कसले आहेत?"

"माझे नाहीत," मी म्हणालो. तिला वाटलं, मी मस्करी करतोय. शेवटी तिने स्वतःच्या भाच्यासाठी एक विकत घेतला.

ग्रोव्हर गाडी लावून धावत आला. त्याच्या हातात मी एक पासपोर्ट ठेवला.

"मला कशाला? मला कुठे जायचंय?"

"धुरी दे आणि गप्प खिशात घाल."

घरी आल्यावर जेवायच्या आधी त्याला पडद्यासमोर बसवलं. म्हटलं, पासपोर्टाची फाईल उघड. उघडली. किनार मोठी कर. केली. अजून मोठी कर. अजून, गाढवा, एवढ्याने काय दिसणार? पंखा गुणगुणायला लागला. किनारीची रेघ फुटली आणि तिची अक्षरं झाली. तार्की, सिर्पा, तार्की, सिर्पा, तार्की, सिर्पा. तो माऊस सरकवत एका बाजूने निघाला, कोपऱ्यावरून वळला, आणि चारी बाजू फिरून जिथून निघाला होता तिथे येऊन थांबला. त्याचं आडनाव कुठेच गळलेलं नव्हतं. मी तपासलं होतं.

इतकी वर्षं या माणसाचं तोंड बंद व्हावं म्हणून मी धडपडतोय, आणि आज ते झालं. नोएमी स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावल्यासारखा ॲप्रन धरून उभी होती.

"सासरेबुवा..." त्याने सुरुवात केली.

"बोलू नकोस. शोभत नाही तुला," मी म्हणालो. "सोमवारी सकाळी गाडी रिकामी ठेव. आणि तोवर मागच्या दाराची ती वायर काढून नीट कडी बसव. वायरने बांधलेल्या गाडीत बसून मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणार नाही."